उजव्या बाजूच्या तोफा

२ डिसेंबर, सोमवार

ही डायरी जानेवारीपासून कपाटात कोरी पडून होती. रिटायर झालेल्या एस.टी. ड्रायव्हरने रोज लिहायचं तरी काय? सकाळी चहा, मोंढ्यापर्यंत चक्कर, हिचं बोलणं, जेवण, पुन्हा हिचं बोलणं. पण आज लिहिल्याशिवाय राहवत नाही. आमच्या मानवतच्या घरात विमान आलं आहे.

आमचा ओमप्रकाश दिवाळीला पुण्याहून आला तो अजून इथेच आहे. घरून काम करायचं आहे म्हणतो. वरच्या खोलीत दोन कॉम्प्युटर मांडून बसतो. आज मी चहा घेऊन वर गेलो तर पडद्यावर विमान. लांबरुंद, सुटलेल्या पोटाचं, चार पंख्यांचं.

"हे काय रे?"

"मालवाहू विमान हाय आबा."

"मग त्याच्या कुशीला भोकं कशाला पाडायलास?"

"तोफा बसवायच्यात."

मग त्याने समजावून सांगितलं. कॉम्प्युटरवर लढाऊ विमानं चालवायचा एक खेळ आहे, जगभरचे लोक खेळतात. पोरखेळ नव्हे, वजन, वारा, इंधन सगळं खऱ्यासारखं. त्यात हुशार लोक आपापली विमानं तयार करून घालतात. ओम मालवाहू विमानाची गनशिप करतो आहे. म्हणजे सामान वाहायच्या गाडीला एका कुशीने तोफा लावायच्या, आणि तिने निशाण्याभोवती गोल गोल फिरत खाली मारा करत राहायचं.

"आन् हे तुझ्या ऑफिसनं सांगितलं?"

तो जरा थांबला. "व्हय. ऑफिसचंच हाय."

काय एकेक ऑफिसं असतात पुण्यात! उभा जन्म गाडी चालवण्यात गेला, पण मालगाडीला तोफ लावायची पाळी कधी आली नाही. पोराने बापाच्या पुढे जावं म्हणतात ते असं.

५ डिसेंबर

ओमच्या ऑफिसात शिस्त फार चांगली असावी. दिवसभरात एक फोन येत नाही. आमच्या डेपोत साहेब लोक संडासलासुद्धा सुखाने जाऊ देत नव्हते. हे मी वच्छलाबाईला, म्हणजे आमच्या मंडळींना, सांगितलं तर ती म्हणाली, "तुमी त्याच्याशी उगं ऑफिस ऑफिस करू नका. दमलाय तो." खुर्चीत बसून दमायचं काय असतं, देव जाणे.

८ डिसेंबर, रविवार

पुण्याहून टेम्पो आला. त्यात ओमचा फ्रीज, कपडे धुवायचं मशीन, पलंग आणि तुळशीची कुंडी. घरमालक रंग देणार आहे म्हणून सामान हलवलं म्हणे. सूनबाई प्रियदर्शनी तिथेच शाळेत शिकवते, ती तोवर बहिणीकडे राहते आहे. शाळाही जवळ पडते तिला.

बन्सीधर बघायला आला होता. माझ्याच गाडीवर तो कंडक्टर होता, त्यामुळे मला न विचारता बेल मारायची त्याची सवय अजून गेलेली नाही. म्हणाला, "रामकिशन, रंग द्यायला तुळस कशाला काढावी लागती रे?"

मी म्हणालो, "पुण्याचे लोक स्वच्छतेचे असतात. तुझ्यासारखं न्हाई, पलंग भिंतीला लावून आर्ध्याच भिंतीला चुना मारायचा."

तो काही बोलला नाही. बन्सीधर बोलला नाही म्हणजे त्याला पटलं असं मी धरतो.

१२ डिसेंबर

झरीला माझ्या चुलतभावाच्या घरी लग्न होतं. ओम आला नाही. काम आहे म्हणाला. तिथे जो तो विचारत होता, ओमप्रकाश काय करतो सध्या? मी छाती पुढे काढून सांगितलं, मालवाहू विमानांना तोफा बसवतो. लोक एकदम गप्प झाले. एकाने तर मला पाट देऊन बसवलं. ही तिकडून डोळे वटारून बघत होती. बायकांना नवऱ्याची मान उंच झालेली बघवत नाही, हे खरं आहे.

१४ डिसेंबर, शनिवार

आज मोठी चूक वेळेत सापडली.

हिच्या हट्टापायी पोखर्णीला नरसिंहाच्या दर्शनाला गेलो. हिने ओमलाही ओढून नेलं. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले. देवापुढे ही इतका वेळ हात जोडून उभी की मागचे लोक "माय, सरका की" म्हणायला लागले. पोराचं वर्षभराचं प्रमोशन एकदम मागत असावी.

प्रदक्षिणा घालताना माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. घरी आल्या आल्या वर गेलो आणि ओमला म्हणालो, "दाखव तुझं विमान." बघतो तर खरंच! सगळ्या तोफा डाव्या कुशीला.

"अरे, ज्याच्याभोवती फिरायचं ते उजव्या हाताला धरतात. देवळात बघ, चौकातल्या पुतळ्याला वळसा घालताना बघ. ड्रायव्हर कुटं बसतो? उजवीकडं. निशाणा त्याच्या खिडकीत दिसाया नको का? डावीकडनं काय कंडक्टर तोफ मारणार हाय?"

"आबा, जगातल्या सगळ्या गनशिपला डावीकडंच असत्यात."

"जगाला कुणी सांगितलं नसंल. डावीकडनं फेरा फक्त मसणात घालत्यात."

यावर ओम हसला. आधी गालात, मग मोठ्याने, मग खुर्चीवरून पडेपर्यंत. ही जिना चढून धावत आली काय झालं म्हणून, आणि त्याला हसताना बघून दारातच पदर तोंडाला लावून उभी राहिली. मी म्हणालो, यात हसण्यासारखं काय आहे?

"बसवतो आबा," तो डोळे पुसत म्हणाला. "तुमी म्हणता तर उजवीकडं बसवतो."

२१ डिसेंबर

आठवडाभर काम जोरात चालू आहे. ओमने दाढी केली. तोफा सगळ्या उजव्या कुशीला आल्या. त्यांच्यासाठी दारं, गोळ्यांच्या पेट्या, आतले तोफ चालवणारे लोक. एका तोफवाल्याला त्याने बन्सीधरच्या मिशा लावल्या आहेत. बन्सीधरला दाखवलं तर म्हणतो, माझ्या मिशा इतक्या पातळ न्हाईत.

मला जॉयस्टिक दिली. मी म्हणालो, इतकी वर्षं बिनअपघाताची गाडी चालवली, हे काय अवघड आहे. विमान धावपट्टीवरून उठलं आणि समोरच्या झाडात गेलं. दुसऱ्यांदा झाड चुकवलं तर डोंगर. ओम म्हणाला, "आबा, ब्रेक कशाला शोधायलात पायानं? हवेत ब्रेक नसतो." ब्रेक नसलेली गाडी डेपोबाहेर काढूच नये, हे माझं मत मी नोंदवून ठेवतो.

२६ डिसेंबर

बन्सीधर रोज पेपरातली काही ना काही कात्रणं ओमला आणून देतो. पाहिजेत, पाहिजेत, असं छापलेलं. ओमच्या हाताखाली माणसं भरायची असतील. बन्सीधरला मी विचारलं तर म्हणाला, "तुला काय करायचंय? तू विमान चालव."

३ जानेवारी

ऑफिसची तपासणी आहे! हा खेळ ज्या परदेशी कंपनीचा आहे तिचे साहेब लोक अशी तयार केलेली विमानं बघून काही निवडणार. निवडलं की ते विमान खेळात कायमचं जाणार आणि बनवणाऱ्याला त्यांच्याकडे घेणार. म्हणजे सरळ बदली बढतीसकट.

जिन्यात ओम आईशी बोलत होता तेव्हा कानावर पडलं, "हे झालं तर झालं माय. न्हाईतर आता कुटं हात पसरू, मला सुचंना." बघा, तपासणीची धास्ती साहेबालासुद्धा चुकत नाही. मी खालूनच ओरडलो, "आरं, टायरात हवा बघून ठेव, बाकी कुणी काही तपासत नसतं!" 

९ जानेवारी

वाईट झालं.

तपासणीचा पहिला शेरा आला. ओमने वाचून दाखवला. विमान देखणं आहे, काम बारीक आहे, पण तोफा चुकीच्या बाजूला आहेत. विमानाचा कॅप्टन डावीकडे बसतो. उजवीकडे फिरताना त्याला निशाणा दिसतच नाही, मधे त्याचंच विमान येतं. म्हणून सगळ्या गनशिपच्या तोफा डावीकडे असतात. पुढची फेरी एकोणीस तारखेला. तोवर दुरुस्त केलं तर बघू, नाहीतर नाही.

कॅप्टन डावीकडे बसतो! मला हे कुणी सांगितलं का नाही? जगातल्या सगळ्या गाड्या मी आपल्या गाडीवरूनच ओळखतो, हा माझा दोष. पण ओमला तर माहीत होतं. त्याच्या तोफा आधी बरोबर बाजूलाच होत्या. मी म्हणालो म्हणून त्याने हलवल्या.

"आरं मंग मला बोलला का न्हाईस? मी काय, मी आडाणी माणूस."

"जाऊ द्या आबा. तुमी म्हणला तेव्हा लय दिवसांनी काहीतरी करू वाटलं मला," एवढं बोलून तो पांघरूण घेऊन आडवा झाला.

याचा अर्थ मला लागला नाही. पण पोराची तपासणी मी बुडवली, एवढं लागलं. जेवण गेलं नाही.

१० जानेवारी

ओम उठला नाही. अंघोळ नाही, चहा नाही. कॉम्प्युटर बंद. हिने दोनदा ताट वर नेलं आणि तसंच खाली आणलं. सूनबाईचा फोन हिच्याच मोबाईलवर आला, दोघी अंगणात जाऊन हळू आवाजात बोलत होत्या. आता तपासणीत शेरा बसला तर माणूस मरत नसतो. मला किती बसले. एकदा तर गाडी वेळेच्या आधी पोचवली म्हणून बसला होता.

शेवटी मी वर जाऊन पांघरूण ओढलं. "ऑफिसचं काम असं आर्धवट टाकून झोपतं का कुणी? पगार खातोस ना त्यांचा? गाडी रस्त्यात बंद पडली म्हणून ड्रायव्हर पॅसेंजर सोडून घरी जातो का? ऊठ!"

ही मागून आली आणि माझा हात धरून मला खाली घेऊन गेली. माझ्यावर इतकं चिडलेलं तिला मी कधी पाहिलं नव्हतं. "तुमाला काई कळत न्हाई," म्हणाली. हे ती नेहमीच म्हणते, पण आज निराळं म्हणाली.

११ जानेवारी, शनिवार

रात्रभर विचार केला आणि सकाळी बन्सीधरला गाठलं. म्हणालो, गाडी तयार आहे, फक्त ड्रायव्हर चुकीच्या जागी बसला आहे. काय करायचं?

बन्सीधर म्हणाला, "ड्रायव्हर उठवायचा. गाडी कशाला मोडायची?"

मी तिथूनच घरी पळत आलो. गुडघे दुखतात हे विसरून जिना चढलो. ओम उठून खिडकीशी बसला होता, हे एक बरं झालं.

"ओम, विमानात डावीकडं कॅप्टन बसतो. मंग उजवीकडं कुणी बसत न्हाई का?"

"बसतो की. दुसरा पायलट."

"त्याच्या पुढं स्टेअरिंग असतंय?"

"सगळं असतंय."

"मंग कॅप्टनला म्हणावं, ऊठ आन् तिकडं जाऊन बस."

"आबा, कॅप्टन डावीकडंच बसतो. सगळ्या जगात."

"जगात बसू दे. आपल्या गाडीत उजवीकडं बसंल. त्याची हौस असंल तर तिकडून प्रदक्षिणा घालंल, न्हाईतर ऱ्हाईल घरी."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग बराच वेळ छताकडे. मग म्हणाला, "निशाणा बघायची काच उजव्या सीटपुढं आणावी लागंल. तोफा डागायचं बटण तिकडल्या स्टेअरिंगवर. बस. बाकी सगळं तयारच हाय." आणि कॉम्प्युटर सुरू केला.

मी खाली येऊन हिला सांगितलं, "तुझा लेक बसला कामाला. मला काई कळत न्हाई ना?" तिने मला साजूक तुपाचा शिरा करून दिला. गुन्हा कबूल करायची तिची हीच पद्धत आहे.

१४ जानेवारी

संक्रांत. तिळगूळ वरच पाठवला. ओम म्हणाला, गोड खायला वेळ नाही, तसाच कागदावर ठेवा.

१९ जानेवारी, रविवार

तपासणी दुपारी होती. परदेशात तेव्हा सकाळ असते म्हणे. मी, ही आणि बन्सीधर मागे सतरंजीवर बसलो. जॉयस्टिक ओमच्या हातात. मला बोलायला सक्त मनाई होती.

काम असं होतं: साहेबांच्या माणसांनी डोंगरातली एक चौकी धरून ठेवलेली. ते खाली विमानं पाडायच्या तोफा घेऊन बसलेले. आपण जायचं आणि फिरत फिरत ती चौकी फोडायची. ओमच्या आधी दोघांची विमानं गेली. पहिला डावीकडे वळला, खाली तोफा तयारच होत्या, पडला. दुसरा डावीकडे वळला, तोही पडला. सगळ्या जगाच्या गनशिप डावीकडे वळतात, मग खालचा माणूस आपलं तोंड आधीच तिकडे करून बसणार नाही तर काय?

ओमचं विमान आलं. खालच्या सगळ्या नळ्या एका अंगाला वळलेल्या. आणि ओमने पंख उजवीकडे झुकवला.

मला लिहिताना आत्ताही काटा येतो. विमान प्रदक्षिणेला लागलं. चौकी बरोबर उजव्या खिडकीत, हलत नाही, सरकत नाही. आणि सगळ्या तोफा एकदम सुटल्या. खालचे लोक नळ्या फिरवतात तोवर निम्मी चौकी गेलेली. हेडफोनातून कुणीतरी इंग्रजीत ओरडत होतं. बन्सीधर उठून उभा राहिला आणि तोंडाने डबल बेल दिली. मनाई होती तरी मी म्हणालो, "अजून एक फेरा घे, घाई करू नगं." त्याने घेतला. चौकी संपली.

मग विमान उतरवताना धावपट्टीच्या बाहेर गेलं आणि एक पंख मोडला. ओम म्हणाला, याचे गुण जातात. मी म्हणालो, पॅसेंजर उतरल्यावर घासलं तर चालतं.

३१ जानेवारी, शुक्रवार

निवडलं! ओमने धावत खाली येऊन सांगितलं. त्याने आईच्या पायावर डोकं ठेवलं, मग माझ्या. उठेचना. तपासणी पास झाली म्हणून कुणी इतकं रडतं का? मी पाठीवर थोपटलं आणि पेढे आणायला गेलो. गावात ज्याला त्याला सांगितलं. सगळे असे खूश झाले की मला आश्चर्य वाटलं. मानवतच्या लोकांना विमानांत इतका रस असेल असं वाटलं नव्हतं.

१ फेब्रुवारी

सूनबाई सकाळच्या गाडीने आली. बॅग खाली ठेवायच्या आत माझ्या पाया पडली आणि म्हणाली, "आबा, देवच पावला. यांना नोकरी लागली."

मी म्हणालो, "लागली? मंग आधीची कुटं गेली?"

 मी एकेकाकडे बघितलं. ओम खाली मान घालून, सूनबाईने जीभ चावलेली, बन्सीधर पेढ्याच्या पुड्याची दोरी गुंडाळतोय. शेवटी ही म्हणाली, "अहो, दिवाळीच्या आधीच गेली ती. कंपनीनं निम्मी माणसं काढली. तुमाला खरंच कळलं न्हाई?"

कळलं नाही. शेजारच्या कमलबाईलाही माहीत होतं. झरीच्या लग्नात ज्याने मला पाट दिला त्यालाही माहीत असणार. फ्रीज, तुळस, कात्रणं. आज मागची पानं वाचून काढली. इतका मोठा मूर्ख मीच लिहून ठेवला आहे, दुसऱ्या कुणाला दोष देता येत नाही.

२ फेब्रुवारी

कुणाशी बोललो नाही.

३ फेब्रुवारी, सोमवार

राग माझा मूर्ख ठरण्यावर नाही, ती सवय आहे. राग याचा की पोरगा बुडत होता आणि बापाला किनाऱ्यावर उभं करून ठेवलं. आज सरळ वर जाऊन विचारलं.

"मायला सांगितलं. बायकोला माहीत. बन्सीधरला सांगितलं, जो कुणाचं काई पोटात ठेवत न्हाई. मलाच का न्हाई रे? मी काय रागावलो असतो?"

ओमने हेडफोन काढून ठेवला. मग म्हणाला, "माय ताट वाढताना रोज डोळ्याला पदर लावायची. काका रोज एक जाहिरात आणायचे. प्रियदर्शनी फोनवर धीर द्यायची. सगळे लय चांगले वागायचे आबा, आन् तसं वागले की मला अजूनच मेल्यासारखं व्हायचं. तुमी एकटेच वर येऊन मला रागवायचे, ऑफिसचं काम आर्धवट टाकून झोपतं का कुणी म्हणून. अख्ख्या मानवतमधी एक तुमच्याजवळच मी कामावर होतो."

 काहीतरी बोलायला पाहिजे होतं म्हणून म्हणालो, "आसं होतं तर सांगायचं ना. आजून चार शिव्या दिल्या असत्या."

तो हसला, आणि हसता हसता रडायला लागला. मी त्याच्या शेजारी बसलो. खालून ही जेवायला हाका मारत होती. आम्ही दोघंही बराच वेळ गेलो नाही.